नोंद कुणाची, वही कुणाची

वडील गेल्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन नाशिकला गेलो. रामकुंडावरचं सगळं आटोपल्यावर तीर्थोपाध्यायांनी भावाला विचारलं, "मूळ गाव कोणतं आपलं?" भावाने पुणं सांगितलं. "पुणं नव्हे हो, मूळ गाव." मग गाव, तालुका, आजोबांचं नाव अशी एकेक खूण विचारून ते आतल्या खोलीत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही घेऊन आले. दहाएक मिनिटं पानं उलटत राहिले. मग एका पानावर बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचू लागले. पणजोबा, त्यांचे तीन भाऊ, त्यातला एक प्लेगात गेलेला, आजोबांचं दुसरं लग्न, आणि त्याखाली आजोबांची सही. साल १९४१. आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या हातचं अक्षर आमच्या घरात कुठंही नव्हतं. ते इथं होतं, एका अनोळखी माणसाच्या घरी, ऐंशीहून अधिक वर्षं जपून ठेवलेलं.

वाचन चालू असतानाच माझ्या पर्समध्ये वडिलांचा फोन वाजला. बँकेची कामं उरकेपर्यंत तो चालू ठेवणं भाग होतं. ज्या ऑनलाइन दुकानातून त्यांची औषधं येत, तिथला निरोप होता. या महिन्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, नेहमीची ऑर्डर पाठवू का, खास तुमच्यासाठी पंधरा टक्के सवलत. वर त्यांचं नाव, आदरार्थी. हिशेब बिनचूक होता. ते असते तर गोळ्या त्याच सुमारास संपल्या असत्या.

दोघांनाही वडील ठाऊक होते. दोघांनीही आमच्या घरची माहिती घेऊन, तिच्या आधारे आमच्यापुरती बेतलेली सेवा पुढे केली होती. मग एकाच्या वहीपाशी डोळे भरून यावेत आणि दुसऱ्याच्या निरोपाने अंगावर काटा यावा, असं का? माझी उणीपुरी अठ्ठावीस वर्षं संगणकाच्या क्षेत्रात गेली. 'माहिती द्या, सोयीची सेवा घ्या' हा सरळ सौदा आहे असं मी चारचौघांत सांगत आले. गिऱ्हाइकाला परवडतो म्हणूनच ते तो करतं, असंही. त्या दिवसानंतर मी या सौद्याचा इतिहास धुंडाळायला लागले. सौदा म्हटला की त्याला एक दिवस असतो, दोन बाजू असतात, आणि कुणीतरी 'ठीक आहे' म्हटलेलं असतं. तो दिवस मला काही सापडला नाही. गिऱ्हाइकाला विचारायची वेळ आली तेव्हा तेव्हा तो प्रश्न कसा टाळला गेला, याच्या तारखा मात्र सापडल्या.

*

आधी नामावळीबद्दल थोडं, कारण जुनं ते सगळं सोज्वळ होतं असं मला म्हणायचं नाही.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार अशा क्षेत्रांच्या ठिकाणी पुरोहितांच्या घराण्यांनी या वह्या पिढ्यान् पिढ्या राखल्या. यात्रेकरू आला की त्याचं नाव, गाव, जात, सोबत कोण, घरात कोण जन्मलं, कोण वारलं, हे उतरवून घ्यायचं आणि खाली त्याची सही किंवा अंगठा. आपल्याकडची जुनी पानं मोडीत आहेत. बदल्यात यात्रेकरूला उतरायला जागा मिळे, घरच्या रीतीप्रमाणे विधी होत, आणि परमुलखात आपल्याला ओळखणारं कुणीतरी भेटे. वारसाहक्काच्या भांडणांत या नोंदी पुरावा म्हणून पुढे आल्या, इतिहाससंशोधकांनी त्या चाळल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या युटा राज्यातली वंशावळी गोळा करणारी संस्था हरिद्वारपर्यंत पोचली आणि तिने तिथल्या वह्यांचे मायक्रोफिल्मवर फोटो घेतले.

पण या व्यवहारातही यजमानाला कुणी विचारलेलं नव्हतं. अमुक गावचे, अमुक आडनावाचे यजमान अमुक उपाध्यायांचे, हे आधीच ठरलेलं. यजमानांवरचा हा हक्क म्हणजे वृत्ती, आणि वृत्ती ही मालमत्ता. तिच्या भावाभावांत वाटण्या होत, ती गहाण पडे, विकली जाई. म्हणजे आमचं अख्खं घराणं कुणाच्या तरी वाटणीपत्रात एक ओळ म्हणून गेलेलं असणार. शिवाय वहीत कुणाचं नाव येतं हेही बघायला हवं. माझ्या आत्यांची नावं त्या पानावर नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, मुलींची नोंद सासरच्या उपाध्यायांकडे.

आणि रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथला सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं रेटला गेला. 'गाव कोणतं, आडनाव काय' हा प्रश्न मला रामकुंडावर जिव्हाळ्याचा वाटला. त्या दरवाजाबाहेर उभ्या असलेल्यांना तोच प्रश्न उंबरठ्याबाहेर ठेवण्यासाठी विचारला जात होता. मुंबईत येऊन, कुणाला नावगाव न सांगता हॉटेलात चहा पिता येणं ही हजारोंसाठी केवढी मोठी सुटका होती, हे आपल्या आत्मकथनांतून आपण वाचलेलं आहे. खासगीपणा हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे, असा युक्तिवाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फेटाळून लावला. तो निकाल वाचताना मला काळारामाचा दरवाजा आठवत राहिला.

हे सगळं मान्य करूनही वहीचा एक गुण उरतो, आणि पुढच्या कथेत तोच महत्त्वाचा आहे. एका क्षेत्रीची वही दुसऱ्या क्षेत्रीच्या वहीशी बोलत नाही. नाशिकच्या उपाध्यायांना काशीतला आमचा खर्च ठाऊक नाही, आणि आमचा किराणा दुकानदार उधारीच्या वहीत काय लिहितो हे दोघांनाही ठाऊक नाही. प्रत्येकाला आम्ही थोडे थोडे माहीत होतो. सगळे कुणालाच नव्हतो.

*

आता १९९४ सालात, कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू या गावात जाऊ. पुढे नेटस्केप म्हणून गाजलेली कंपनी तिथं नुकतीच सुरू झाली होती. सामान्य माणसाला वेब दाखवणारा ब्राउझर तयार करणं हे तिचं काम. आणि वेबची तेव्हा एक मोठी अडचण होती: तिला आठवण नव्हती.

हे जरा समजावून सांगते. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची जी भाषा घडवली, तिच्यात प्रत्येक मागणी सुटी असते. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरून जातो. दुसरं पान मागितलंत तर त्याच्या लेखी तुम्ही नवा माणूस. वाण्याला 'दोन किलो गहू' म्हणावं, त्याने ते बांधावेत, मग 'पाव किलो तूरडाळही द्या' म्हणताच त्याने वर बघून 'आपण कोण?' विचारावं, असा प्रकार. लेख वाचायला याने काही बिघडत नाही, उलट वाचनालयात कोण काय वाचतं हे ग्रंथपालाला न कळण्यासारखंच ते आहे. दुकान मात्र असं चालत नाही. पिशवीत काय टाकलं हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, आणि नेटस्केपच्या एका बड्या गिऱ्हाइकाला वेबवर दुकान मांडायचं होतं.

हा प्रश्न लू माँटुली नावाच्या विशीतल्या अभियंत्याकडे आला. सर्वांत सोपा उपाय असा होता की प्रत्येक ब्राउझरला कायमचा एक क्रमांक द्यायचा आणि तो जाईल तिथं त्याने तो सांगायचा. माँटुलींनी हा उपाय मुद्दाम नाकारला. त्यांनी नंतर स्वतःच सांगितल्याप्रमाणे, कारण असं की मग वेबभर प्रत्येकाच्या मागावर राहता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी एक छोटी चिठ्ठी योजली. दुकानाने ती तुमच्या संगणकावर ठेवायची. पुन्हा त्याच दुकानात गेलात की तुमचा ब्राउझर ती चिठ्ठी त्या दुकानाला, आणि फक्त त्याच दुकानाला, दाखवणार. दुसऱ्या दुकानाला ती दिसणार नाही. संगणकाच्या जुन्या परिभाषेत अशा खुणेच्या तुकड्याला 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून हिचं नाव पडलं कुकी.

हे वाचलं तेव्हा मी थबकले. ही तर नामावळीचीच रचना! प्रत्येक क्षेत्राची वही वेगळी, आणि ती ज्याची त्याने बघायची. अठ्ठावीस वर्षं मी कुकी वापरत आले, पण तिच्या मुळाशी एवढा विचार होता हे मला माहीत नव्हतं. तिला आपण सगळे हेर समजतो. तिच्या जनकाने ती हेरगिरी टाळण्यासाठी केली होती.

ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ही सोय होती. वापरणाऱ्याला तिच्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, आणि नको असेल तर काय करायचं हेही नव्हतं. तांत्रिक तपशील कोण कशाला सांगत बसेल, असा विचार झाला असावा. मी त्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. सर्वसामान्यांना कुकीचं अस्तित्व कळलं ते लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने १२ फेब्रुवारी १९९६ रोजी बातमी दिली तेव्हा.

*

तोवर भिंतीला खिंडार पडलेलं होतं. ते कसं, हे पाहण्यासारखं आहे, कारण त्यासाठी कुणालाही कुलूप तोडावं लागलं नाही.

वेबच्या पानावरची चित्रं त्याच सर्व्हरवरून यायला हवीत असा नियम नाही. बातम्यांच्या पानावर एका कोपऱ्यातली जाहिरात दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून येऊ शकते. तुमचा ब्राउझर ते चित्र मागायला त्या तिसऱ्या सर्व्हरकडे जातो, आणि जाताना त्या सर्व्हरने पूर्वी दिलेली चिठ्ठी इमानदारीने दाखवतो. नियम मोडलेला नाही. ज्याची चिठ्ठी त्यालाच दाखवली. पण हाच जाहिरातवाला आता हजार ठिकाणी बसलेला असेल तर? बातम्यांच्या पानावर तो, औषधांच्या पानावर तो, नोकरीच्या जाहिरातींत तोच. चित्र दिसायलाही हवं असं नाही, एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्रही पुरतं. प्रत्येक दुकानदाराने आपल्या वहीशेजारी एका परक्या कारकुनाला बसू दिलं, भाड्यापोटी पैसे घेतले, आणि तो कारकून सगळ्या दुकानांत एकच होता.

हे घडत असताना इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळात कुकीचं प्रमाण ठरवण्याचं काम चाललं होतं. डेव्हिड क्रिस्टल आणि खुद्द माँटुली यांनी लिहिलेला तो दस्तऐवज फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २१०९. तिसऱ्या पक्षाच्या कुकी ब्राउझरने एकतर स्वीकारूच नयेत, किंवा निदान मुळात बंद ठेवाव्यात, असं त्यात म्हटलेलं आहे. ज्याला हव्या असतील त्याने त्या चालू कराव्यात. म्हणजे आधी विचारा, मग घ्या. १९९७ सालीच हे लिहून झालं होतं.

नेटस्केपने ते पाळलं नाही. मायक्रोसॉफ्टनेही पाळलं नाही. जाहिरातीच्या कंपन्यांचा धंदा तोवर याच खिंडारातून चालू झाला होता, आणि वेबवरच्या बहुतेक ठिकाणांचं उत्पन्न जाहिरातींवर होतं. माँटुलींनी पुढे २०१३ मध्ये आपली बाजू मांडली. बंदी घातली असती तर जाहिरातवाल्यांनी दुसरी, अधिक छुपी वाट काढली असती; कुकी निदान वापरणाऱ्याला पुसता तरी येते. या म्हणण्यात तथ्य आहे. आज फोन आणि ब्राउझर यांच्या बारीकसारीक लकबींवरून माणूस हुडकण्याच्या ज्या युक्त्या आहेत, त्या पुसता येत नाहीत. तरीही, चोर खिडकीतून येईल म्हणून दार उघडं ठेवलं, असंच ते मला वाटतं.

त्याच वर्षी, मे १९९७ मध्ये, एक वेगळी वाट पुढे आली होती, आणि तिच्याबद्दल मला जरा हळहळ आहे. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये पॅटी माएस यांच्या हाताखाली उपेंद्र शारदानंद या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये 'रिंगो' नावाची एक व्यवस्था केली होती. तुम्ही ई-मेलने काही गायक-वादकांना एक ते सात गुण द्यायचे. तुमच्यासारखी आवड असलेली माणसं हुडकून रिंगो तुम्हाला उत्तर पाठवायचा: हे ऐकून बघा, आवडेल. आज प्रत्येक पडद्यावर 'तुमच्यासाठी' म्हणून जे येतं, त्याच्या मूळपुरुषांपैकी हा एक. लक्षात घ्या, गुण तुम्ही आपण होऊन देत होता. गुपचूप काही टिपलं जात नव्हतं. यातून पुढे 'फायरफ्लाय' नावाची कंपनी निघाली. तिने नेटस्केप आणि व्हेरिसाइन यांच्यासोबत एक प्रस्ताव मांडला. माणसाच्या आवडीनिवडीची नोंद त्याच्याच संगणकावर राहावी. संकेतस्थळाने हवं ते मागावं. त्यातलं काय द्यायचं हे त्याने ठरवावं. वही यजमानाच्या घरी, आणि उपाध्यायांनी ती बघायला मागायची!

तो प्रस्ताव दुसऱ्या एका मसुद्यात विरघळला आणि तो मसुदाही व्यवहारात रुजला नाही. फायरफ्लाय १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, पुढच्या वर्षी बंद केली.

*

जून १९९९ मध्ये डबलक्लिक या जाहिरात कंपनीने ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. किंमत १.७ अब्ज डॉलर. डबलक्लिक म्हणजे मघाशी सांगितलेला तो सगळ्या दुकानांत बसलेला कारकून. ॲबॅकस वेगळी होती. अमेरिकेत टपालाने कॅटलॉग मागवून खरेदी करण्याची मोठी परंपरा, आणि या कंपनीकडे अशा खरेदीच्या नोंदी होत्या: नाव, पत्ता, काय घेतलं, कितीला घेतलं. जवळपास नऊ कोटी कुटुंबांच्या. डबलक्लिककडे वर्तन होतं पण नाव नव्हतं. ॲबॅकसकडे नाव होतं. दोन वह्या एकमेकींना शिवायच्या, एवढंच बाकी होतं.

या वेळी ओरड झाली. फेब्रुवारी २००० मध्ये खासगीपणासाठी लढणाऱ्या एका संस्थेने सरकारी आयोगाकडे तक्रार केली, चौकशी सुरू झाली, शेअर गडगडला. मार्चमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य करून बेत मागे घेतला. ही जवळजवळ एकमेव वेळ, जेव्हा लोकांना आधी कळलं आणि म्हणून ते बोलू शकले.

पुढचं फार शांतपणे घडलं. २००८ मध्ये गूगलने डबलक्लिक ३.१ अब्ज डॉलरला ताब्यात घेतली. डबलक्लिकची ब्राउझिंगची नोंद आणि गूगलच्या खात्यातली ओळख तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय एकत्र केली जाणार नाही, असं वाक्य गूगलच्या धोरणात होतं. २०१६ मध्ये ते वाक्य काढून टाकण्यात आलं. सोळा वर्षांपूर्वी ज्यावरून गदारोळ माजला होता, ते एका ओळीच्या खाडाखोडीने झालं. जुन्या वापरकर्त्यांपुढे नव्या सोयींची माहिती देणारा एक चौकोन आला आणि 'मान्य' असं बटण. तुम्ही दाबलं होतं का ते? मी नक्की दाबलं असणार. मला आठवत नाही.

'पण नाव न घेता नोंद ठेवली तर काय बिघडलं?' हा प्रश्न मीही वर्षानुवर्षं विचारत आले. त्याचं उत्तर नेटफ्लिक्सच्या स्पर्धेने दिलं. ऑक्टोबर २००६ मध्ये, चित्रपट सुचवण्याची पद्धत दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलर असं तिने जाहीर केलं आणि त्यासाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी दिलेले दहा कोटींहून अधिक गुण प्रसिद्ध केले. नावं अर्थातच काढलेली. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिलं की एखाद्याने कोणत्या आठ चित्रपटांना किती गुण दिले हे ठाऊक असेल, त्यातले दोन साफ चुकीचे असले आणि तारखा दोन आठवडे मागेपुढे असल्या तरीही, शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदी एकमेव म्हणून ओळखता येतात. माणूस काय बघतो हीच त्याची सही. २००९ च्या डिसेंबरात एका स्त्रीने नाव उघड न करता नेटफ्लिक्सवर दावा लावला. ती समलिंगी होती, तिने ते जगाला सांगितलेलं नव्हतं, आणि तिला मुलं होती. चित्रपटांच्या यादीवरून ते उघड होईल अशी तिला धास्ती होती. मार्च २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द झाली.

तिला आधार देणारा कायदा १९८८ चा होता, आणि त्याची कूळकथा गमतीची आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी सुचवलं गेलं, तेव्हा वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटींची यादीच छापली. यादीत आक्षेपार्ह असं काही नव्हतं. पण संसद सदस्यांना आपापल्या याद्या आठवल्या असाव्यात! पुढच्याच वर्षी कायदा झाला.

*

लोकांना खरोखर काय वाटतं? 'फुकट मिळतंय ना, मग चालतं,' असं आपण सगळे म्हणतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जोसेफ टुरो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेत एक पाहणी केली. सवलतीच्या बदल्यात कंपनीने आपल्या नकळत माहिती गोळा करावी हा न्याय्य व्यवहार आहे का, याला ९१ टक्के लोकांनी नकार दिला. मग ते देतात का? टुरोंना आढळलं की अर्ध्याहून अधिक लोक, ५८ टक्के, हे होणारच, आपल्या हातात काही नाही, अशा मनःस्थितीत आहेत. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, नाइलाज. धंद्याच्या जमाखर्चात हा नाइलाज संमतीच्या खात्यावर जमा धरला जातो.

आणि प्रत्यक्ष विचारलं तर काय होतं, याचाही एक दाखला आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर सक्ती केली की इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळांवर माग काढायचा असेल तर ॲपने आधी वापरणाऱ्याला विचारावं. एक साधा प्रश्न, दोन बटणं. ॲपल काही साधू नव्हे, जाहिरातींचा धंदा तिचाही आहे, आणि हा नियम तिने दुसऱ्यांना लावला त्या कडकपणाने स्वतःला लावला नाही अशी टीका झालेली आहे. पण प्रश्न विचारला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकच्या कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं की त्या वर्षी यामुळे सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल. विचारण्याची किंमत एवढी होती. सत्तावीस वर्षांत ती चुकवावी लागली नव्हती.

सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी त्या तिसऱ्या पक्षाच्या कुकी आता आपण होऊन अडवायला सुरुवात केली आहे. जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर गूगलचा. तिने २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू म्हटलं, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. १९९७ चा तो दस्तऐवज अजून वाट बघतो आहे.

सेवेला माझा विरोध नाही. शेवटच्या वर्षी वडिलांची सकाळ-संध्याकाळची औषधं वेळेवर घरी आली ती त्याच ऑनलाइन दुकानामुळे, नाहीतर मला पुण्याच्या या टोकावरून त्या टोकाला धावावं लागलं असतं. त्या दुकानाला त्यांचं दुखणं ठाऊक असणं मला खटकत नाही. दुकानाला ते ठाऊक हवंच. मला खटकतं ते वेगळंच. वडिलांच्या फोनवर त्याच महिन्यात, ज्यांच्याशी आमचा कधी संबंध आला नव्हता अशांच्या गुडघ्याच्या पट्ट्या, मधुमेहाचे काढे आणि अंत्यविधीच्या खर्चाचा विमा येऊ लागला होता. कारकून त्या दुकानातही बसलेला होता.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यात एक तरतूद आहे जी वाचून मला बरं वाटलं: आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यास आपल्या माहितीवरचे हक्क कुणी बजावावेत, यासाठी माणसाला वारसदारासारखं एक नाव देऊन ठेवता येईल. वडिलांना अर्थातच असं काही करता आलं नव्हतं. औषधाच्या दुकानातलं त्यांचं खातं मी बंद करायला गेले तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, खातं तुमचंच असल्याची खात्री करा. मी त्यांच्या फोनवर आलेले सहा आकडे भरले आणि खात्री केली.

हा कायदा संगणकातल्या नोंदींना लागू आहे, आणि कागदावरून संगणकात गेलेल्या नोंदींनाही. नुसत्या कागदी वहीला तो लागू नाही. म्हणजे आमच्या तीर्थोपाध्यायांची वही त्याच्या बाहेर.

त्या दिवशी वाचन संपल्यावर त्यांनी वडिलांच्या नावापुढे तिथी आणि तारीख घातली, भावाचं, वहिनीचं, पुतण्यांचं नाव लिहून घेतलं, भावाची सही घेतली. मग वही माझ्याकडे वळवून म्हणाले, "ताई, तुम्हीही करा सही. आता आम्ही मुलींचीही घेतो." मी आजोबांच्या सहीच्या चार बोटं खाली सही केली. त्यांचा मुलगा बाजूला फोन घेऊन उभा होता. त्याला सगळ्यांचे नंबर हवे होते, वर्षश्राद्धाची आठवण पाठवायला. पानाचा फोटोही काढून ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, "नंबर वहीत लिहा ना, फोनमध्ये कशाला?"

"वहीला वाळवी लागते, ताई," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि समासात, पेन्सिलीने, माझा नंबर लिहून घेतला.